जहाजाच्या पोटात तेल कुठे, पाणी कुठे?

मुरगावच्या सड्यावरून किंवा दोनापावलाच्या जेटीवरून नांगरलेली जहाजे पाहिली की एक फरक लगेच दिसतो. काही जहाजे पाण्यात खोल बसलेली असतात, तर काहींचा तांबडा रंगवलेला खालचा भाग दोन-तीन पुरुष उंच उघडा पडलेला असतो. पहिले भरलेले आणि दुसरे रिकामे, असे आपण म्हणून टाकतो. ते अर्धेच खरे आहे. दुसऱ्या जहाजात माल नसतो, पण पोटात हजारो टन समुद्राचे पाणी असते. ते नसते तर पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून नुसता फेस काढत बसला असता, आणि वाऱ्याने जहाज वाटेल तसे ढकलले असते.

हे झाले बॅलास्ट, म्हणजे तोलासाठी घेतलेले पाणी. त्याशिवाय जहाजावर बंकर असतो, म्हणजे इंजिनाचे तेल. तिसरे बिल्ज: इंजिन रूमच्या तळाशी ठिबकून, गळून, धुऊन साठणारे तेलकट पाणी. अभ्यासक्रमात ही तीन निरनिराळी प्रकरणे असतात, म्हणून नव्या मुलांना ते तीन निरनिराळे विषय वाटतात. मला विचाराल तर विषय एकच आहे. या तिघांना एकमेकांत मिसळू द्यायचे नाही, आणि तपासल्याशिवाय यातले काहीही समुद्रात जाऊ द्यायचे नाही. इंजिन रूममध्ये दिसणारे कितीतरी पंप, व्हॉल्व्ह, गाळण्या आणि नोंदवह्या एवढ्याचसाठी असतात.

बॅलास्टपासून सुरुवात करू, कारण गोव्याचा त्याच्याशी फार जवळचा संबंध आहे. मालवाहू जहाजाचा तळ दुहेरी असतो. या दोन तळांच्या मधल्या पोकळीत, होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या कप्प्यांच्या, वरच्या कोपऱ्यांत आणि नाळेच्या (पुढच्या) व वरामाच्या (मागच्या) टोकांना बॅलास्टच्या टाक्या असतात. दीड-पावणेदोन लाख टन खनिज नेणारे मोठे जहाज रिकाम्या फेरीत चाळीस-पन्नास हजार टन पाणी सहज बाळगते. या पाण्याची जबाबदारी चीफ ऑफिसरची. पंप चालता ठेवणे इंजिनिअरांचे काम, पण कुठली टाकी कधी भरायची आणि कधी रिकामी करायची ते तो ठरवतो.

डिचोली, उसगाव, सांगे या बाजूचे खनिज बार्जमधून मांडवी-जुवारीच्या वाटेने मुरगावला येते आणि जहाजाच्या होल्डमध्ये पडू लागते. जसजसे ते पडते तसतसे पाणी बाहेर काढावे लागते. वरवर पाहता सोपे वाटते: इकडून माल, तिकडून पाणी. पण अडीचशे मीटर लांबीचे लोखंडी सांगाडे आपल्याला वाटतात तेवढे ताठ नसतात. मधले होल्ड भरले आणि टोके हलकी राहिली तर जहाज मध्ये खाली वाकते. टोके जड आणि मधला भाग हलका झाला तर उलटे, पाठ वर करते. खनिज तर इतके जड की होल्डचा तळभागच भरतो आणि जहाजाची वजनाची मर्यादा संपते. म्हणून कुठल्या होल्डमध्ये आधी किती टन, मग कुठल्या टाकीतून किती पाणी बाहेर, याचा क्रम लोडिंग सुरू होण्याआधीच संगणकावर मांडून सही करून ठेवलेला असतो. किनाऱ्यावरचा लोडर, म्हणजे माल ओतणारे यंत्र, घाईत असतो आणि पंप आपल्या गतीने चालतात. दोघांचा मेळ बसेना, तर लोडर थांबवायला सांगण्याची हिंमत चीफ ऑफिसरमध्ये असावी लागते. तरुण ऑफिसरला ही गोष्ट शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, असे माझे मत आहे.

दुसरी भानगड अर्धवट भरलेल्या टाकीची. परातीत थोडे पाणी घेऊन चालून पाहा. परात जराशी कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. टाकीतही तेच घडते. टाकी काठोकाठ भरलेली असेल किंवा पूर्ण रिकामी असेल तर पाण्याला धावायला जागाच नसते. म्हणून एका वेळी फार टाक्या अर्धवट ठेवायच्या नाहीत, हा जुना नियम आहे. २००६ च्या जुलैमध्ये जपानहून अमेरिकेकडे निघालेले ‘कुगर एस’ हे मोटारवाहू जहाज अल्यूशियन बेटांजवळ भर समुद्रात बॅलास्ट बदलत असताना सुमारे ६० अंश कलले. आत चार हजारांहून जास्त नव्या मोटारी होत्या. जहाज बुडाले नाही, मोटारी मात्र सगळ्या भंगारात काढल्या.

हे बॅलास्ट भर समुद्रात बदलायचे कशासाठी? उत्तर पाण्यात आहे. ज्या बंदरात पाणी घेतले तिथले प्लवक, जिवाणू, शिंपल्यांची आणि खेकड्यांची अळ्या-पिल्ले त्याच्याबरोबर टाकीत येतात, आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात सोडली जातात. बहुतेक मरतात. जी जगतात त्यांना नव्या जागी शत्रू नसतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा एक जेलीसारखा जीव, निमिऑप्सिस, १९८०च्या दशकात काळ्या समुद्रात पोचला. त्याने माशांची अंडी आणि माशांचे खाद्य इतके फस्त केले की तिथली मासेमारी कोसळली. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या बंदरात १९६०च्या दशकात अमेरिकेकडचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला येऊन बसला आणि पुढे मुंबईतही सापडला.

गोवा निर्यात करणारा. निर्यातीचे बंदर म्हणजे रिकामी जहाजे येणार, आणि रिकामी जहाजे म्हणजे परक्या बंदरांचे पाणी. २०१२ साली खाणी बंद पडण्याआधीच्या तेजीत गोव्यातून वर्षाला चार कोटी टनांच्या वर खनिज बाहेर जात होते. बॅलास्ट मालाच्या पाव ते तिसरा हिस्सा धरला, तरी वर्षाला कोटभर टन परके पाणी आपल्या दारात ओतले जात होते. हा माझा ढोबळ हिशेब आहे. जपान-चीनला किती खनिज गेले यावर गोव्यात पानेच्या पाने लिहिली गेली, पण तिकडून काय आले याची चर्चा दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेबाहेर फारशी ऐकू आली नाही. ‘ग्लोबॅलास्ट’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात भारतातून मुंबई बंदर निवडले गेले, तेव्हा तिथल्या जीवजातींची मोजदाद याच संस्थेने केली होती.

बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यातला पहिला उपाय अदलाबदलीचा: किनाऱ्यापासून शक्यतो २०० सागरी मैल लांब आणि किमान २०० मीटर खोल पाण्यात टाकीतले पाणी बदलायचे. टाकी पूर्ण उपसून पुन्हा भरा, नाहीतर तिच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी तिच्यातून वाहू द्या. खोल समुद्रातले जीव किनाऱ्यावर सहसा तगत नाहीत आणि किनाऱ्याचे खोल समुद्रात, हा त्यामागचा विचार. धोका कुठे आहे ते ‘कुगर एस’ने दाखवलेच.

आता दुसरा, कडक उपाय चालतो. बॅलास्ट जहाजावरच शुद्ध करून सोडायचे. ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरमध्ये दहापेक्षा कमी हवेत. त्याहून बारीक, १० मायक्रॉनपर्यंतचे, एका मिलीलिटरमध्ये दहापेक्षा कमी हवेत. पटकीचे जिवाणू आणि ई-कोलाय यांनाही मर्यादा आहेत. करार लागू असलेल्या जहाजांसाठी याची शेवटची मुदत ८ सप्टेंबर २०२४ ला संपली. यंत्रणा साधारण दोन तऱ्हेच्या. एकीत पाणी बारीक गाळणीतून काढून अतिनील प्रकाशासमोरून नेतात. दुसरीत समुद्राच्या मिठातूनच विजेने क्लोरीन तयार करून जीव मारतात, आणि बाहेर सोडण्याआधी उरलेला क्लोरीन रसायनाने निकामी करतात.

जुलै-ऑगस्टची जुवारी डोळ्यांसमोर आणा. लाल मातीने गढूळ झालेले आणि पावसाने गोडे झालेले पाणी मुखापर्यंत आलेले असते. मुरगावला कोळसा उतरवून परत निघणाऱ्या जहाजाला नेमके हेच पाणी बॅलास्ट म्हणून घ्यावे लागते. गाळणी मिनिटामिनिटाला तुंबते. गढूळ पाण्यातून अतिनील प्रकाश आरपार जात नाही. क्लोरीनच्या यंत्राला मीठ लागते, ते पाण्यात पुरेसे नसते. कारखान्यात स्वच्छ पाण्यावर उत्तम चाललेले यंत्र अशा बंदरात रडते, आणि जहाजावरचा इंजिनिअर त्याच्याबरोबर. मग वेग कमी करून, गाळणी सतत धूत जेवढे जमेल तेवढे पाणी घ्यायचे. काही जहाजे क्लोरीनच्या यंत्रासाठी खारट पाण्याची वेगळी टाकीच राखून ठेवतात.

आता तेल. एका मध्यम आकाराच्या मालवाहू जहाजाला दिवसाला पंचवीस-तीस टन तेल लागते, मोठ्यांना त्याच्या दुप्पट किंवा जास्त. जहाजाचे पारंपरिक तेल म्हणजे रिफायनरीतला उरलेला काळा घट्ट गाळ. थंड झाले तर पंपाला ओढता येत नाही. म्हणून साठवणीच्या टाकीत ते वाफेने चाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापवतात. मग ते सेटलिंग टाकीत जास्त तापवून निवांत ठेवतात, म्हणजे पाणी आणि गाळ खाली बसतो. तिथून ९८ अंशांच्या आसपास प्युरिफायरमध्ये जाते. हे यंत्र प्रचंड वेगाने फिरते, आणि तेलापेक्षा जड असलेले पाणी व गाळ बाहेर फेकते. पाणी उकळेल इतके तापवायचे नाही, म्हणून ९८. साफ झालेले तेल सर्व्हिस टाकीत जाते, आणि इंजिनात शिरताना ते १२०-१४० अंशांपर्यंत तापवलेले असते. एवढा खटाटोप मुख्यतः तेलातले पाणी आणि कचरा वेगळा काढण्यासाठी आहे.

१ जानेवारी २०२० पासून तेलातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. हवेच्या दृष्टीने चांगले झाले. इंजिनिअरच्या दृष्टीने एक नवे दुखणे आले: एका बंदरातले कमी गंधकाचे तेल दुसऱ्या बंदरातल्या तेलाशी पटतेच असे नाही. दोन्ही स्वतंत्रपणे उत्तम, आणि एकत्र केली की टाकीत डांबरासारखा गाळ. म्हणून नवा बंकर शक्यतो रिकाम्या टाकीत घ्यायचा. तेलात पाणी नको हे सगळ्यांना कळते, पण तेलात तेल नको हेही आता शिकावे लागले.

बंकर घेण्याचा दिवस इंजिन रूममध्ये परीक्षेसारखा असतो. मास्टवर दिवसा लाल झेंडा आणि रात्री लाल दिवा लावतात. डेकवरची पाणी वाहून जाण्याची भोके घट्ट बंद करतात, म्हणजे तेल सांडलेच तर समुद्रात जाऊ नये. टाकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भरली की बस. सगळ्यात जास्त वाद मापावर होतात. तेल तापले की फुगते. पाचशे घनमीटर काळ्या तेलाचे तापमान दहा अंशांनी चुकीचे लिहिले, तर हिशेबात तीन घनमीटरच्या वर फरक पडतो. तेल पुरवणारे काही बार्जवाले तेलात हवा फुंकून फेस करतात, म्हणजे टाकीत सोडलेली मापाची टेप उंच पातळी दाखवते. म्हणून जुना माणूस टेपवर तेल कुठवर लागले ते तर बघतोच, पण त्यावर बुडबुडे आहेत का तेही बघतो. बंकरच्या पावतीची प्रत तीन वर्षे आणि सीलबंद नमुना किमान बारा महिने जपून ठेवावा लागतो.

तेलगळती म्हटले की लोकांना टँकर आठवतो. २५ जुलै २०२० ला मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेले ‘वाकाशिओ’ हे टँकर नव्हते. ते खनिज नेणारे जहाज होते, आणि तेही रिकामे, बॅलास्टवर ब्राझीलकडे निघालेले. गळले ते त्याचे स्वतःचे इंधन, सुमारे हजार टन. १ ऑगस्ट २०१० पासून बांधून मालकाच्या ताब्यात आलेल्या, ६०० घनमीटर किंवा जास्त इंधन बाळगणाऱ्या जहाजांच्या इंधनटाक्यांना बाहेरच्या पत्र्यापासून संरक्षण असावे असा नियम आहे. वाकाशिओ २००७ चे होते. जुन्या काळी तर रिकाम्या झालेल्या इंधनटाकीतच बॅलास्टचे पाणी भरत, आणि पुढच्या बंदराजवळ ते तेलकट पाणी तसेच सोडून देत. आता मोठ्या जहाजांना इंधनाच्या टाकीत बॅलास्ट घ्यायला बंदी आहे. कांदोळीच्या वाळूत जून २००० मध्ये रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ दहा वर्षांहून जास्त काळ तिथे पडून होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्ता घेऊन उभे असलेले एक बिनमाणसाचे जहाज वादळात दोनापावलाजवळ खडकावर आले होते. त्यामुळे ही सगळी मॉरिशसची गोष्ट आहे असे गोव्यात कुणी म्हणू नये.

उरले बिल्ज, आणि खरी गंमत इथेच आहे. वास्कोतली जहाजावर जाऊ पाहणारी पोरे विचारतात, “काका, एवढ्या महागड्या जहाजात पाणी गळतेच कसे?” गळते बाबा. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या बुचातून, थेंब थेंब येतो. कूलर उघडला की बादलीभर सांडते. थंड पाइपांवर दव धरते. फरशी धुतली की साबणाचे पाणी खाली जाते. हे सगळे तळाशी असलेल्या खड्ड्यांत, म्हणजे बिल्ज वेलमध्ये जमते. पातळी वाढली की अलार्म वाजतो. चांगला इंजिनिअर अलार्मची वाट बघत नाही. रोज किती वाढते हे त्याला माहीत असते, आणि एखाद्या दिवशी दुप्पट वाढले तर तो आधी पाणी चाखून खारे की गोडे ते ठरवतो. खारे असेल तर समुद्राच्या लाइनवर शोध, गोडे असेल तर कूलिंगच्या किंवा बॉयलरच्या. (तेलाचा तवंग असेल तर चाखू नका, वासच पुरेसा आहे.)

हे पाणी थेट बाहेर सोडता येत नाही. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय मार्पोल करार १९७३ आणि १९७८ चा, आणि त्याचा तेलाविषयीचा पहिला भाग २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू झाला. ४०० ग्रॉस टन (हे जहाजाच्या आकारमानाचे माप, वजनाचे नव्हे) किंवा मोठ्या जहाजाने बिल्जचे पाणी सेपरेटरमधून, म्हणजे तेल-पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढून, जहाज चालू असतानाच, आणि तेलाचे प्रमाण दहा लाखात १५ पेक्षा जास्त नसेल तरच सोडायचे. म्हणजे हजार लिटर पाण्यात १५ मिलीलिटर, जेमतेम एक मोठा चमचा. सेपरेटरमध्ये तेलाचे बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वर तरंगतात. बाहेरच्या लाइनवर मीटर बसवलेला असतो. त्याने १५ च्या वर दाखवले की व्हॉल्व्ह आपोआप फिरून पाणी पुन्हा टाकीत पाठवतो. साबण या यंत्राचा शत्रू आहे, कारण तो तेलाला पाण्यात विरघळल्यासारखे करून टाकतो आणि थेंब जुळतच नाहीत. वेगळे निघालेले तेल आणि प्युरिफायरचा गाळ समुद्रात कधीच जात नाही. तो जहाजावर जाळायचा किंवा बंदरात द्यायचा.

आणि मग तो कुप्रसिद्ध पाइप. सेपरेटर वेळ खातो, सुटे भाग लागतात, बंदरात गाळ द्यायला पैसे पडतात. म्हणून काही जहाजांवर रात्री एक सुटा पाइप जोडून सेपरेटर वगळून घाण थेट बाहेर काढत. जहाजवाले त्याला मॅजिक पाइप म्हणतात. प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीच्या जहाजावर २०१३ मध्ये एका नव्याने आलेल्या इंजिनिअरने हे पाहिले आणि कळवले. २०१६ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि चार कोटी डॉलर दंड मान्य केला. अमेरिकेच्या कायद्यात अशी खबर देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देण्याची तरतूद आहे, त्यामुळे चीफ इंजिनिअरला आपल्याच ऑइलरची, म्हणजे इंजिन रूममधल्या हाताखालच्या कामगाराची, भीती असते. माझ्या मते हे फार चांगले झाले.

असे पकडले जाते ते बहुधा वहीमुळे. ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये प्रत्येक टाकीतून काय कुठे गेले ते तारीख, वेळ, ठिकाण आणि सहीसकट लिहायचे असते. तपासणीस येतो तो आधी सेपरेटर बघत नाही. तो वही उघडतो, मग टाकीची पातळी मोजतो. रोज अमुक टन तेल जाळणाऱ्या जहाजावर गाळ किती निघायला हवा, याचा अंदाज त्याला असतो. वहीत गाळ फारच कमी दिसला तर तो पाइपांच्या फ्लँजवरचा, म्हणजे बोल्टने जोडलेल्या सांध्यांवरचा, रंग बघायला खाली उतरतो. ताजे ओरखडे असलेले बोल्ट पुष्कळ काही सांगतात.

बिल्जचा एक व्हॉल्व्ह मात्र या सगळ्या नियमांपलीकडचा आहे. इंजिन रूममध्ये समुद्र शिरला तर सर्वांत मोठ्या पंपाला थेट तळातून पाणी ओढायला लावणारा तो आपत्कालीन व्हॉल्व्ह. जहाज आणि माणसे वाचवण्यासाठी तो उघडला तर १५ ची मर्यादा आड येत नाही. त्याच्यावर एकाच दिशेने उघडणारी झडप असते, नाहीतर तो समुद्रालाच आत घेईल. ती अडकलेली नाही ना, हे शांत दिवशी फिरवून बघायचे असते.

४०० टनांखालच्या छोट्या बोटींना सेपरेटरची सक्ती तशी नाही. तेल शक्य तितके बोटीवरच ठेवून किनाऱ्यावर द्यावे, अशी अपेक्षा आहे. मालीम, खारीवाडा किंवा कुटबणच्या जेटीवर हे तेल घ्यायला सोयीची जागा नसेल, तर ट्रॉलरवाल्याने ते कुठे ठेवावे, हा प्रश्न मला नियमापेक्षा मोठा वाटतो. मेपासून नैऋत्येचा वारा सुटला की गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, आणि सगळे बोट मोठ्या जहाजांकडे दाखवतात. त्यात तथ्य आहेच: टँकरची धुलाई, गळती, तेलविहिरी. पण नदीतला रोजचा तवंग लांबून येत नाही.

जहाजाच्या बाजूने पाण्याचा जाड झोत पडताना दिसला तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा इंजिन थंड करून बाहेर आलेले पाणी किंवा बॅलास्ट असते. लक्ष ठेवायचे ते पाण्यावरच्या रंगाकडे. चंदेरी झळाळी म्हणजे अत्यंत पातळ थर. इंद्रधनुषी रंग म्हणजे त्याहून जाड, आणि तपकिरी-काळा पट्टा म्हणजे खरे तेल. १५ च्या मर्यादेतल्या पाण्याचा तवंग सहसा डोळ्यांना दिसतच नाही. पट्टा दिसला तर वेळ, जागा आणि दिशा टिपून फोटो काढा आणि तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा. भारतात समुद्रातल्या तेलगळतीचा बंदोबस्त त्यांच्याकडे आहे. जहाजाचे नाव वरामावर लिहिलेले असते, आणि त्याच्याखाली नोंदणीच्या बंदराचे नाव. दोन्ही वाचता आली तर तीही सांगा.